साडेपंधराची दुरुस्ती

आपलं लग्न ठरल्याचं आकांक्षानं ज्या एका माणसाला लेखी कळवलं, तो गणिताचा मास्तर निघाला, हे तिचं दुर्दैव. दुसऱ्या कुणाला कळवलं असतं तर तो निदान वाचून घाबरला असता. राजानंद सरांनी ते वाचलं, तपासलं, आणि लाल पेनानं दुरुस्त करून परत दिलं.

सर तसे वाईट नव्हते. वाटूर फाट्यापासून सात किलोमीटर आत हिंगणवाडी, हिंगणवाडीच्या टोकाला माध्यमिक शाळा, आणि त्या शाळेत बावीस वर्षं दहावीचं बीजगणित. एवढ्या जागेत माणसाला वाईट व्हायला फारसा वाव नसतो. दहावीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचं, आणि सरांचा जीव त्याच प्रकरणात. दोन गोष्टी माहीत नाहीत ना? मग दोन अटी शोधा. एकीला एक्स धरा, दुसरीला वाय. समीकरणं एकाखाली एक मांडा, बेरीज करा, एकाला उडवा. दुसरा आपोआप सापडतो. जगात दुसरं काही आपोआप सापडत नाही, हे सरांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांचा स्वतःचा वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव शिक्षण विभागात नऊ वर्षं कुणाला सापडला नव्हता.

प्रश्नपत्रिका काढायची त्यांची एक रीत होती. आधी उत्तर ठरवायचं, आणि मग त्या उत्तराला शोभेल असा प्रश्न मागून तयार करायचा. वडील चाळीस, मुलगा दहा, हे अगोदर पक्कं. मग दोघांची बेरीज पन्नास आणि वजाबाकी तीस हे काय, कुणीही लिहील. तालुक्यातले सगळेच गणित-शिक्षक असं करतात. त्यामुळे उत्तर नेहमी सुटसुटीत येतं. बावीस वर्षं अशी उत्तरं बघितली की माणसाला वाटायला लागतं, जगाची रचनाच तशी असावी.

नोव्हेंबरात वरून एक पत्र आलं. 'माझ्या घरातलं गणित' असा उपक्रम. दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या रोजच्या जगण्यातलं एक शाब्दिक उदाहरण तयार करावं, दोन समीकरणं मांडून सोडवावं. चांगली उदाहरणं जालन्याच्या जिल्हा प्रदर्शनात मांडली जातील. खाली तीन सूचना होत्या. उत्तर धन पूर्णांकात यावे. उदाहरणातून सामाजिक संदेश जावा. आणि सदर उदाहरण विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष जीवनातील असून त्यातील माहिती सत्य आहे, असं विषयशिक्षक व मुख्याध्यापक यांनी सही-शिक्क्यानिशी प्रमाणित करावं. जगणं खरं पाहिजे आणि उत्तर पूर्णांकात पाहिजे, हे दोन्ही एकदम कसं जमायचं, त्याबद्दल पत्रात काही नव्हतं.

पोरांनी प्रामाणिकपणे उदाहरणं आणली, तिथंच घोळ झाला.

कडूबाच्या उदाहरणात गावात येणाऱ्या पाण्याच्या टँकरांची संख्या ऋण आली.

"अरे कडूबा, टँकर उणे दोन कसे येतील?"

"मोजून राह्यलो तर तेवढंच येऊन राह्यलं सर. दोन आल्ते, ते बी सरपंचाच्या गल्लीत गेल्ते. आमच्याकडं उणेच म्हणायचे ना?"

सोहेबनं घरच्या कोंबड्या आणि शेळ्या घेतल्या होत्या. डोकी तीस, पाय त्र्याऐंशी. सरांनी दोनदा सोडवलं आणि दोन्ही वेळा अर्धी शेळी उरली.

"सोहेब, पाय नीट मोज."

"बराबर मोजले सर. एक शेळी तीन पायांचीच हाय. ट्रकखाली आल्ती."

सरांनी लाल पेनानं शेळीचा पाय परत बसवला. चौऱ्याऐंशी. अठरा कोंबड्या, बारा शेळ्या. कसं छान झालं, म्हणाले.

आकांक्षा सगळ्यात शेवटी आली, वर्ग सुटल्यावर. मागच्या बाकावर प्रीतीशेजारी बसणारी पोरगी. गवंडीकाम करणाऱ्या संपतरावांची थोरली. गणितात बऱ्यापैकी, बोलण्यात शून्य. तिचा मोबाईल घरच्यांनी दिवाळीतच काढून घेतला होता. शाळेच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा चार आकडी नंबर रंगवलेला होता खरा, पण त्यावर मुख्याध्यापक अप्पारावांनी शाळेच्या यशाचा फलक ठोकला होता. वर्गशिक्षिकेची जागा दोन वर्षं रिकामी. उरले राजानंद सर. आणि राजानंद सरांशी पोरं ज्या भाषेत बोलत, ती भाषा एक्स आणि वायची.

वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'एका मुलीचे लग्न ठरले आहे. तिचे वय व तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे वय यांची बेरीज साडेबेचाळीस वर्षे आहे. दोघांच्या वयांतील फरक साडेअकरा वर्षे आहे. तर लग्नाच्या दिवशी मुलीचे वय किती असेल? मुलगी अठरा वर्षांची व्हायला अजून किती काळ लागेल?'

सरांनी उभ्या उभ्या तोंडी सोडवलं. बेरीज नि फरक मिळवला, चोपन्न, निम्मे सत्तावीस. नवरा सत्तावीस, मुलगी साडेपंधरा. अजून अडीच वर्षं.

"मांडणी चांगली आहे," सर म्हणाले. "पण उत्तर अपूर्णांकात आलं की गं."

"तेवढंच येतं सर. मी तीनदा बघितलं."

"मग संख्या बदलू या."

"बदलता येती का सर?"

"न यायला काय झालं? आपलंच उदाहरण आहे." सरांनी पेनाचं टोपण काढलं. "शिवाय साडेपंधराची मुलगी आणि लग्न, हे जालन्याला गेलं तर पहिली नोटीस मला येईल. शाब्दिक उदाहरणातही कायदा पाळावा लागतो, बाळ."

"उदाहरणातच ना, सर?"

सरांना ते इतकं आवडलं की ते मोठ्यानं हसले. पोरगी हजरजबाबी आहे म्हणून त्यांनी नंतर शिक्षकांच्या खोलीतही सांगितलं. त्या वेळी मात्र त्यांनी साडेबेचाळीस खोडून बेचाळीस केलं, साडेअकरा खोडून सहा केलं. मुलगी अठरा, नवरा चोवीस. कायदाही जमला, पूर्णांकही जमला. मग त्यांनी शेवटच्या प्रश्नावर आडवी रेघ मारली.

"तो राहू द्या ना सर," आकांक्षा म्हणाली.

"अगं, ती आता अठराचीच आहे. मोजायला उरलं काय?"

आकांक्षा थोडा वेळ त्या रेघेकडे बघत उभी राहिली. सरांना वाटलं, तिला समजायला वेळ लागतोय.

"बराबर," ती म्हणाली, आणि वही घेऊन गेली.

शाळेतून तीन उदाहरणं पाठवली, त्यातलं आकांक्षाचं तालुक्याला निवडलं गेलं. 'अठरा पूर्ण झाल्यावरच विवाह' असा सामाजिक संदेश त्यात कुणाला तरी दिसला होता. हेडसरांना, म्हणजे अप्पारावांना, आनंद झाला. त्यांनी सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली एकशे बारा अंगठे आणि सदतीस फुलं आली. एक अंगठा संपतरावांचा होता.

डिसेंबरात आकांक्षा शाळेत यायची बंद झाली. सरांनी हजेरी घेताना दोनदा विचारलं. "पाहुण्यांकडं गेली," कुणीतरी म्हणालं. सर परतूरहून मोटारसायकलनं येऊन-जाऊन करत, त्यामुळे हिंगणवाडीत पाच वाजल्यानंतर काय ठरतं ते त्यांच्या कानावर येत नसे. प्रदर्शनात उदाहरण समजावून सांगायला प्रीतीला तयार केलं. शनिवारी सकाळी दोघं एसटीनं जालन्याला गेली.

प्रदर्शन नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये होतं, शनिवार म्हणून दुपारी साडेबारापर्यंतच. साठ टेबलं, साठ पोस्टर. सगळीकडे उत्तरं पूर्णांकात. अकराच्या सुमारास परीक्षक रूपाली मॅडम या टेबलापाशी आल्या. भोकरदनकडच्या कुठल्याशा शाळेतल्या, चष्म्यातून नीट वाचणाऱ्या बाई.

"छान आहे. हे उदाहरण तू केलंस?"

"न्हाई मॅडम. माझ्या मैत्रिणीचं हाय. आकांक्षाचं."

"मग ती का नाही आली?"

प्रीतीनं सरांकडे बघितलं, मग मॅडमकडे. "तिचं लगन हाय आज."

मॅडम हसल्या. "असं! म्हणजे खरंच प्रत्यक्ष जीवनातलं की. आणि नवरा चोवीसचा?"

"सत्तावीसचा."

"चोवीस, प्रीती," सर पटकन म्हणाले. तयारी करून घेतलेली पोरगी ऐन वेळी चुकली की मास्तरचं असंच होतं.

"कागदावर चोवीस, सर," प्रीती म्हणाली. "घरी सत्तावीस."

सरांचं डोकं सवयीनं पुढे गेलं. सत्तावीस. बेरीज साडेबेचाळीस. बेचाळीस नव्हे, साडेबेचाळीस. वजा सत्तावीस. उत्तर त्यांना महिन्याभरापासून माहीत होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मॅडम पुढच्या टेबलाकडे सरकल्यावर सर म्हणाले.

प्रीतीला प्रश्नच कळला नाही. "तिनं सांगितलं व्हतं की तुम्हाला. लिहून दिल्तं. आम्हाला वाटलं, तुम्ही अठरा केलं म्हंजे तुम्हाला चालतंय."

"किती वाजता आहे?"

"बारा पस्तीस. गावात न्हाई, तिच्या काकाच्या शेतात, आखाड्यावर. पत्रिका बी न्हाई छापली."

घड्याळात अकरा वीस झाले होते. सर प्रीतीला म्हणाले, इथंच थांब, कुठं जाऊ नको. आणि ते पळाले. अठ्ठेचाळीस वर्षांचा, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं असलेला माणूस नवीन जालन्याच्या रस्त्यावरून पळताना बघून एका रिक्षावाल्यानं आपणहून रिक्षा थांबवली, पण रिक्षा वाटूरला जात नव्हती.

पळता पळता त्यांनी तो फलकाखाली झाकलेला मुलांच्या मदतीचा चार आकडी नंबर लावला. पलीकडची बाई शांत होती, सरावलेली होती. मुलीचं नाव, गाव, वय. "साडेपंधरा," सर म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी एवढ्या ठाम आवाजात अपूर्णांक उच्चारला नव्हता. बाई म्हणाली, बालविवाह थांबवायचा अधिकार गावात ग्रामसेवकाला आहे, त्याला लगेच कळवते.

जीपच्या थांब्यावर इस्माईल भेटला. जालना ते वाटूर जीप चालवणारा, सरांचाच जुना विद्यार्थी.

"इस्माईल, गाडी काढ."

"सर, सीट भरू द्या की. तीनच झाल्या."

सरांनी चार वाक्यांत सांगितलं. इस्माईलनं तोंडातली सुपारी थुंकली आणि गाडी काढली.

"सत्तावन्न किलोमीटर," सर म्हणाले. "तास आणि दहा मिनिटं आहेत. ताशी पन्नासनं गेलास तरी जमतं."

"सर, ह्याच गणितात तुम्ही मला नापास केल्तं," इस्माईल म्हणाला. "मी तेव्हा बी विचारलं व्हतं, रस्त्यात ट्रॅक्टर किती? तुम्ही म्हणले, धरायचे नाहीत."

ट्रॅक्टर होते. रामनगरच्या पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, एकामागे एक, रस्त्याच्या मधोमध. इस्माईलनं हॉर्नवरचा हात काढला नाही. मागच्या सीटवरची म्हातारी देवाचं नाव घ्यायला लागली. तिच्या शेजारच्या बाप्यानं विचारलं, सर कुणाच्या मयतीला चाललेत का?

पावणेबाराला फोन वाजला. ग्रामसेवक भाऊसाहेब होते. त्यांच्या मागे बँड वाजत होता.

"सर, कंप्लेंट तुम्ही केली व्हय? वरून फोन आल्ता मला."

"मीच केली. तुम्ही कुठं आहात?"

"इथंच हाय की. लग्नात."

"मग थांबवा ना!"

"थांबवतो की. आपलं कामच हाय ते. वयाचा पुरावा काय हाय तुमच्याकडं?"

"शाळेचं जनरल रजिस्टर. हेडसरांच्या कपाटात."

"हेडसर इथंच बसल्यात माझ्या बाजूला. थांबा, विचारतो." बँडचं एक कडवं संपलं. "किल्ली घरी राह्यली म्हणतेत. आणि सर, दुसरं एक. मी संपतरावला आधी विचारलं, बाबा रे, असं असं हाय. चौकशी करायची तर विचारायला पायजे ना? तर त्यानं मला मोबाईलवर कागदच दाखवला. मुलीचं वय अठरा. विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष जीवनातील. माहिती सत्य हाय. खाली शिक्का शाळेचा आणि सही तुमची."

"अहो, ते गणित आहे!"

"मंग गणित चुकलंय का सर?"

हा प्रश्न सरांना बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी खरोखर विचार केला. "गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "माहिती चुकीची आहे."

"माहिती सत्य हाय असं लिहिलंय ना पण."

"भाऊसाहेब, हात जोडतो. मी येईपर्यंत थांबवा. अर्ध्या तासात पोचतो. मी स्वतः लिहून देतो."

"या की, या. लिहून आणा काय ते," भाऊसाहेब म्हणाले, आणि फोन बंद झाला. सरांनी परत लावला. वाजून वाजून थांबला. हेडसरांना लावला. हेडसरांचा बंद होता.

इस्माईल आरशात बघत होता. "सर, बुरा मानू नका. तुम्ही फोन करायला नको होता."

"का?"

"फोन आला की लगन जल्दी लागतं."

सरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांची आकडेमोड चालू होती. बारा पस्तीसचा मुहूर्त. मराठवाड्यातलं लग्न मुहूर्तावर लागलेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नवरदेव वेशीत नाचणार, एक तास. मग पाहुण्यांचे सत्कार, फेटे, टोप्या. मग आलेले पुढारी शुभेच्छा देणार, आणि शुभेच्छा देता देता निवडणुकीवर घसरणार. आजवर अशा प्रत्येक भाषणाला सरांनी मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. आज त्यांनी जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांच्या सगळ्या पुढाऱ्यांना दीर्घायुष्य चिंतलं. कुणीही या. कितीही बोला.

वाटूर फाट्यावर म्हातारी आणि दोघं उतरले. आतला रस्ता खडीचा. आखाड्यावरचा मांडव लांबूनच दिसला, लाल-पिवळा, तुरीच्या पिकात उभा. जीप थांबली तेव्हा बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. तेरा मिनिटं हातात होती. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅक्टर धरून गणित सोडवलं होतं, आणि ते सुटलं होतं.

बँड वाजत नव्हता. मांडवात पंगत बसली होती.

"या सर!" अप्पाराव पानावरूनच म्हणाले. डोक्याला फेटा, पुढ्यात वरण-भात. "उशीर केला. अक्षता चुकल्या तुमच्या."

"मुहूर्त बारा पस्तीसचा होता ना?"

"व्हता. पण काय झालं, वरून कुणाचा तरी फोन आला. मंग पाव्हणे म्हणले, कशाला टायमाची वाट बघायची? गुरुजींना सांगितलं, दोन मंगलाष्टकात आटपा. नवरदेव नाचला बी न्हाई. बारा वाजायच्या आत मोकळे." काही माहीतच नसल्यासारखा हेडसरांनी आवाज खाली आणला. "ते फोनचं कुणी केलं असंल?"

भाऊसाहेब त्यांच्या शेजारीच होते. त्यांनी बुंदीचा घास तोंडात असल्यामुळे सरांकडे बघून नुसती मान हलवली, म्हणजे बोलू, बोलू, असं. हेडसरांच्या कमरेला करदोट्यात किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता. सरांनी तो बघितला. हेडसरांनी सरांना तो बघताना बघितलं, आणि वाढप्याला हाक मारली.

संपतराव धावत आले. चुना-सिमेंटनं फाटलेल्या बोटांनी त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. त्यांना वाटलं असावं, सर भांडणार. सरांनाही तसंच वाटलं होतं.

"सर, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण तुम्हीच सांगा. आम्ही दोघं नवरा-बायको सहा महिने पुण्याकडं साईटवर असतो. म्हातारी व्हती तोवर भागलं. आता ही पोरगी कुणापाशी ठिवू? शाळा पाचला सुटती. पाचनंतर ठिवून घेता का तुम्ही? घेत असाल तर सांगा."

दोन अज्ञात असतील तर दोन अटी लागतात. इथं अटी ढीगभर होत्या आणि प्रत्येक अट दुसरीला मोडत होती. अशी समीकरणं पुस्तकात नसतात, कारण त्यांचं उत्तर कुणी आधी ठरवून ठेवलेलं नसतं. संपतरावांनी थोडा वेळ वाट बघितली. खरंच वाट बघितली. मग ते वाढपाकडे गेले.

आकांक्षा स्टेजवर लाल खुर्चीत बसली होती. खुर्ची तिच्यापेक्षा बरीच मोठी होती. सर जवळ गेले तशी ती सवयीनं उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

"प्रीतीनं बराबर सांगितलं का सर तिथं? एका जाग्याला चुकायची ती. समीकरण दोनला."

"आकांक्षा, मला कळलं नव्हतं गं. मला वाटलं..."

"हां सर."

"मी आता तक्रार देतो. लग्न लागलं तरी देता येते. पोलिसांत देतो. कायदा आहे."

तिनं मांडवात बघितलं. आई वाढत होती, बाप वाढत होता, धाकटी बहीण पाण्याचा जग घेऊन फिरत होती. "आता नका देऊ सर. बापूला धरून नेतील. मंग मला इथं बी कुणी ठेवणार न्हाई आन तिथं बी न्हाई." तिनं मुंडावळी कानामागे सारली. "तेव्हा दिली असती तर चाललं असतं. तेव्हा आई माझ्या बाजूनं व्हती."

तेवढ्यात नवरदेव पुढे झाला आणि सरांच्या पाया पडला. सत्तावीस वर्षांचा, उन्हानं रापलेला, ऊस तोडायच्या मशीनवर ड्रायव्हर. माणूस वाईट दिसत नव्हता. तो वाईट दिसला असता तर सरांना फार बरं वाटलं असतं.

"गणिताचे सर का? माझं बी गणित लई कच्चं व्हतं," तो लाजून म्हणाला.

आकांक्षा वाकली. सरांनी पाय मागे घेतले, पण ती तोवर पाया पडून झाली होती. "सर, बोर्डाचा फॉर्म भरलेला हाय माझा," ती उठताना म्हणाली. "सेंटर परतूरच राहील ना? का बदलून घेता येतं?"

"येतं," सर म्हणाले. "मी बघतो."

"पाव्हणं, ते मंग बघू," खुर्चीमागून एक बाई म्हणाली. सासू असावी. "आधी फोटो काढून घ्या."

फोटोवाल्यानं सरांना खांद्याला धरून बाजूला केलं, मग विचार बदलून परत मधे उभं केलं. गुरुजनांचा एक पाहिजे, म्हणाला. फोटो निघाला.

सर स्टेजच्या मागे तुरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. त्यांनी वही काढली, पेन काढलं. वर 'प्रति' लिहिलं. पुढे लिहावं तर बाप जातो, न लिहावं तर पोरगी जाते. ती तर गेलीच आहे. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"सर, मी प्रीती. चहावाल्या मावशीच्या फोनवरून बोलून राह्यले. समदे गेले सर. हॉलला कुलूप लावलं. मी पोस्टर घेऊन बाहेरच हाय."

सरांनी डोळे मिटले. पंधरा वर्षांची पोरगी सत्तावन्न किलोमीटरवर रस्त्यात एकटी उभी होती, आणि तिला तिथं त्यांनीच उभं केलं होतं.

"मावशी आहेत ना तिथं? त्यांच्यापाशीच बस. अजिबात हलू नको. मी निघालो."

"आपल्याला उत्तेजनार्थ भेटलं सर. मॅडम म्हणल्या, संदेश चांगला हाय." फोनमधून ट्रकचा आवाज गेला. "सर, थांबलं का?"

मांडवात दुसरी पंगत बसत होती. इस्माईलची जीप दिसत नव्हती; सीट भरायला तो फाट्याकडे गेला असणार. सर बांधावरून चालायला लागले.

"सर? लगन थांबलं का आकांक्षाचं?"

"तू तिथंच बस," सर म्हणाले. "मी आलोच."

मागून हेडसर ओरडत होते, सर, असे न जेवता कुठं चाललात, चालणार नाही, पान वाढलंय तुमचं.